हुदाकोवाबाईंना कसं सांगायचं

स्लोव्हाक भाषेत 'गप्प बसणे' ह्या क्रियापदाच्या सुरुवातीला ओळीनं तीन व्यंजनं येतात आणि त्यांच्या मधे स्वराचा टिपूससुद्धा नाही. 'म्ल्चात्य'. हे उच्चारण्यापेक्षा माणूस आपण होऊन गप्प बसेल, अशीच त्या लोकांची योजना असावी. ही माहिती मला ज्या कारणानं मिळाली ते कारण मात्र कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आमच्या कंपनीच्या जहाजांवर माणसं चढवणं आणि मुदत संपली की उतरवणं, हे माझं काम. ऑफिस सिंगापूरला, फेरी टर्मिनलच्या समोर. खिडकीतून बाटाम बेटावर जाणाऱ्या बोटी दिसतात, आणि त्या बघत बसायला पगार मिळतो असा माझ्या सासुरवाडीचा समज आहे. चढवलेला माणूस उतरणार, हे ह्या धंद्यात गृहीतच असतं. ९८ सालच्या मार्चमध्ये एक जण मात्र उतरला नाही, त्याला उतरवावं लागलं. श्तेफान हुदाक, थर्ड इंजिनियर, वय एकतीस. मलाक्काच्या सामुद्रधुनीत, इंजिनरूममध्ये एकटा असताना त्याचं हृदय थांबलं. जहाजानं त्याला सिंगापूरला आमच्या हवाली केलं, पाणी भरलं आणि जपानची वाट धरली. जहाजावर दुसरा स्लोव्हाक कुणी नव्हता. जहाजं कुणासाठी थांबत नाहीत, आणि थांबली तर मिस्टर टिओंना झोप येत नाही.

मिस्टर टिओ म्हणजे आमचे बॉस. त्यांनी मला बोलावून फाइल दिली. "ओगले, यू कॉल द मदर. यू गुड ॲट टॉकिंग." मी बोलण्यात चांगला आहे, हे आजवर त्यांनी तक्रार म्हणूनच सांगितलं होतं.

फाइलमध्ये आईचं नाव होतं, मार्गिता हुदाकोवा. पुढे एका खेड्याचं नाव आणि घरचा फोन नंबर. दुसरं कुणीही नाही. खरं तर असल्या बातम्या तिकडचा भरती-एजंट घरी जाऊन देतो. पण त्या एजंटाला फोन लावला तर पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "नो एजन्सी. टायर्स. यू वाँट टायर्स?" मग मला तिकडच्या एका सरकारी कचेरीचा फॅक्स नंबर मिळाला. त्यांचं उत्तर लगेच आलं, हे कबूल करायला हवं. त्यात लिहिलं होतं की नातेवाइकांना कळवल्याचं आम्हाला कळवा, म्हणजे आम्ही नातेवाइकांना कळवू. इथल्या हॉस्पिटलच्या शवागाराचं म्हणणं असं, की नातेवाइकाची सही आल्याशिवाय देह हलणार नाही. थोडक्यात, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तो एकतीस वर्षांचा मुलगा फ्रीजमध्ये होता.

शिवाय विम्याचा वकील होता. त्यानं मला बसवून समजावलं की फोनवर 'सॉरी' म्हणायचं नाही, कारण सॉरी म्हणजे चूक कबूल केली. 'अपघात' म्हणायचं नाही. 'आमच्या जहाजावर' असं तर मुळीच नाही, नुसतं 'जहाजावर'. मी विचारलं, "मग म्हणायचं काय?" तो म्हणाला, "दुःख व्यक्त करा, पण त्याचा कशाशी संबंध जोडू नका."

शनिवारी सकाळी ईस्ट कोस्टच्या पार्कात फिरताना मी हे मनोहररावांच्या कानावर घातलं. मनोहरराव आमच्याच काँडोत वरच्या मजल्यावर राहतात. एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि सल्ला हा त्यांचा जोडधंदा आहे. ते चालता चालता थांबले. पाठीमागून येणारी एक सायकल त्यांना चुकवताना गवतात गेली.

"थेट सांगणार? फोनवर?" ते म्हणाले. "ओगले, तुम्हाला काळीज बिळीज आहे का? माझे वडील गेले तेव्हा चिपळूणहून तार आली होती. फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. मी काय समजायचं ते समजलो. प्रवासभर मनाची तयारी झाली. दारात पोचलो तेव्हा रडायला मोकळा होतो. ह्याला म्हणतात कळवणं!"

मला हे एकदम पटलं. आपल्याकडच्या तारांमधला सीरियस झालेला एकही बाप मुलाला जिवंत भेटलेला नाही. ज्यांच्या घरी वडील खरोखर नुसतेच आजारी असत त्यांची पंचाईत व्हायची. ते बिचारे 'फादर इल, नॉट सीरियस' अशी तार करायचे आणि तरी मुलगा रडतच यायचा. पण ही पद्धत ज्यानं काढली त्याला माणसं कळत होती. बातमी देणारा खोटं बोलत नाही आणि ऐकणारा फसत नाही. दोघं मिळून मधला थोडा वेळ तेवढा उसना घेतात.

घरी संजीवनीनंही हेच सांगितलं. "अहो, एकटी बाई. एकदम सांगितलं आणि तिथल्या तिथे काही झालं तर? आधी आजारी आहे म्हणा. मग बघू." आमची अनघा चौदा वर्षांची, इथल्याच शाळेतली. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "पपा, डेड मीन्स डेड लाह. व्हाय सो कॉम्प्लिकेटेड?" तिला आईनं गप्प केलं. हल्लीच्या मुलांना रीतभात नसते, असं मी त्या वेळी मनात म्हणालो. त्या घरात त्या दिवशी शहाणं माणूस कोण होतं, ह्याचा विचार मी अजूनही शक्यतो करत नाही.

आता प्रश्न भाषेचा. खालच्या मजल्यावरचा प्रबोध चांगी बिझनेस पार्कात कॉम्प्युटरवर काम करतो. तो म्हणाला, "काका, इंटरनेटवर सगळं मिळतं." सोमवारी त्यानं खरोखरच कागदांची चळत आणून दिली. इंग्रजी शब्द आणि त्यांचे स्लोव्हाक प्रतिशब्द, पण सगळे बोलण्याबद्दलचे. कुणा भल्या माणसानं एवढाच विषय धरून यादी केली होती. कुजबुजणे, पुटपुटणे, तोतरे बोलणे, ओरडणे, बढाई मारणे, चहाड्या सांगणे, तोंडातल्या तोंडात बोलणे, एखाद्याचे बोलणे मध्येच तोडणे. 'म्ल्चात्य' मला तिथेच भेटला. मी ती चळत एमआरटीच्या गाडीत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. जगात तोंडानं जे जे करता येतं ते सगळं त्यात होतं. 'मेला' हा शब्द मात्र नव्हता. बरोबरच आहे, त्यात बोलण्यासारखं काही नसतं.

स्लोव्हाक येणारं माणूस मिस्टर टिओंनीच शोधून दिलं. ऑर्चर्ड रोडवरच्या एका हॉटेलात दुपारच्या चहाच्या वेळी चार मुली व्हायोलिनं वाजवतात. त्यातली झुझाना नावाची एक तिकडची आहे, असं ते म्हणाले. ते गिऱ्हाइकांना तिथे चहाला नेतात. मी गेलो. पण वाजवणाऱ्या मुलींनी पाहुण्यांच्या टेबलाशी बसायचं नाही, असा हॉटेलचा नियम. फर्माईश मात्र घेता येते. म्हणून मी फर्माईश करतोय आणि ती मान हलवून ऐकतेय, असं सोंग करत आम्हाला बोलावं लागलं. एका मेलेल्या माणसाच्या आईला काय सांगायचं, हे मी बशीतली केकची फोड पुढ्यात ठेवून, चेहऱ्यावर संगीतप्रेम आणून ठरवत होतो. आमच्या घराण्यात इतकी अवघड नक्कल कुणी केलेली नाही.

यादी बघून ती आधी हसली. "हे सगळं बरोबर आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "पण तुम्हाला स्लोव्हाकमध्ये पुटपुटायचंय कशाला?" मग मी कारण सांगितलं. तिचं हसू गेलं. मी विचारलं, "तुम्हीच फोन कराल का?"

"नाही," ती म्हणाली. "माझीही आई तिकडे एकटी आहे. मी तुम्हाला शब्द देईन. बोलायचं तुम्ही."

मी तिला माझी वाक्यं एकेक करून सांगितली. आपण कोण बोलताय? मी सिंगापूरहून बोलतोय. मला तुमची भाषा बोलता येत नाही. कृपया हळू बोला. मला तुम्हाला काही सांगायचं आहे. ती म्हणायची आणि मी देवनागरीत उतरवायचो. 'क्तो होवोरी?' 'माम वाम न्यिएचो पोवेदात्य.' 'होवोर्त्ये पोमाली, प्रोसीम.' मग मी वाचून दाखवलं तेव्हा तिनं चमकून बघितलं. "तुम्ही शिकलात कुठे?" देवनागरीत जे लिहिलं ते जसंच्या तसं परत तोंडातून बाहेर पडतं, हे मी तिला अभिमानानं सांगितलं. माझी छाती फुगली. कुठल्या प्रसंगी फुगावं हे छातीला कळत नाही.

'माझ्याकडे शब्द नाहीत' ह्यालाही त्यांच्यात वाक्य आहे, 'न्येमाम स्लौ'. माझ्या कागदावरचं वकिलानं एका झटक्यात मंजूर केलेलं हे एकच वाक्य. ज्याच्याकडे शब्द नाहीत त्याच्यावर दावा लावता येत नाही, असं त्याचं मत पडलं. बाकी सगळ्यावर त्यानं लाल पेन फिरवलं होतं.

शेवटी मी मुद्द्याचं मागितलं. "तुमचा मुलगा फार आजारी आहे, हॉस्पिटलमध्ये आहे, या." हॉस्पिटलमध्ये तर तो होताच, म्हणजे तेही खोटं नव्हे. तिनं मान वर केली.

"आणि गेल्याचं?"

"तेही द्या. आधी हे सांगायचं, नंतर ते."

तिनं थोडा विचार केला आणि दोन्ही दिली. 'वाश सिन ये व्येल्मी खोरी.' आणि 'वाश सिन झोम्रेल.' तिला वाटलं की मी एक वाक्य म्हणून, एक श्वास घेऊन, दुसरं म्हणणार. त्यांच्याकडे बहुधा तेवढीच उसंत देतात. मला अभिप्रेत होते दोन-तीन दिवस. पण हे तिला समजावून सांगावं असं मला वाटलंच नाही. श्वास कसा घ्यायचा हे कुणी कुणाला समजावतं का?

मंगळवारी दुपारी ऑफिसातून फोन लावला. तिकडे सकाळ होती. पलीकडून एक बाई म्हणाली, "प्रोसीम?" आवाज जाड, घरकाम करता करता उचललेला. मी कागद समोर धरून सुरुवात केली. सिंगापूर म्हटल्याबरोबर त्यांचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं. मी पहिलं वाक्य म्हटलं. हॉस्पिटलचं म्हटलं. या, म्हटलं. 'प्रीद्त्ये' हा शब्द मला छान जमला होता.

मग त्या बोलायला लागल्या. भराभरा, एकावर एक प्रश्न. मी म्हटलं, "होवोर्त्ये पोमाली, प्रोसीम." त्या बिचाऱ्या हळू बोलल्या. आपल्याला न कळणारी भाषा कुणी हळू बोललं, तर ती जास्त वेळ कळत नाही, एवढाच फरक. मी पुन्हा पहिलं वाक्य म्हटलं, तेवढंच येत होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "द्याकुयेम. द्याकुयेम." म्हणजे थँक यू, एवढं मला झुझानाकडून माहीत झालं होतं. आणि फोन ठेवला गेला.

हे मला तिथेच खटकायला हवं होतं. आपल्याकडे सीरियस ऐकल्यावर कुणी थँक यू म्हणत नाही. आपल्याकडे पलीकडून शांतता येते, मग कुणीतरी दुसरंच माणूस रिसीव्हर घेतं आणि विचारतं, "कधी?" पण मला सुटल्यासारखं झालं होतं. मिस्टर टिओंनी खांद्यावर थाप मारली. मनोहरराव म्हणाले, "उत्तम. आता दोन दिवस जाऊ द्या. नातेवाईक जमतील, त्यांचं तेच उमजतील. तुम्ही नुसतं तारीख-वार सांगायचं." संजीवनीनं देवापुढे दिवा लावला आणि त्या माउलीला बळ दे म्हणाली. आम्ही सगळे जेवलो. नीट जेवलो, हेही सांगून टाकतो.

दोन दिवसांनी दुसरं वाक्य घेऊन फोन केला तर कुणी उचलेना. सकाळी नाही, दुपारी नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी उचलला. दुसरीच बाई, बहुधा शेजारीण, मागे कोंबड्यांचा कलकलाट. ती आनंदानं ओरडत होती. त्यातलं मला एकच कळलं, "सिंगापुर! सिंगापुर!" बाकीचं मी कळेल तसं देवनागरीत उतरवत गेलो आणि टॅक्सी करून हॉटेलात पोचलो.

झुझाना व्हायोलिन पेटीत भरत होती. त्या दिवशी त्यांचा करार संपत होता. संध्याकाळी चौघी पेनांगला निघणार होत्या. मी कागद वाचून दाखवला. तिचा चेहरा बदलत गेला.

"ती म्हणतेय, मार्गिता विमानात बसली, उद्या पोचेल. गावानं वर्गणी काढली. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सांगितलं, श्तेफानच्या आईला त्याच्याकडे जायचंय. चर्चच्या सहलीत रोमला गेली होती म्हणून पासपोर्ट होता, देवाचीच योजना. तो बरा होईल. तुमचे आभार मानलेत." मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही दुसरं वाक्य म्हणालाच नाहीत?"

मी तिला आमची पद्धत सांगू लागलो. तार, सीरियस, मनाची तयारी. इंग्रजीत ते ऐकताना मला स्वतःलाच ते वेडगळ वाटायला लागलं. ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "आमच्याकडे आजारी म्हणजे आजारी असतो." मग तिनं पेटीचं झाकण लावलं. मी म्हटलं, उद्यापर्यंत राहता येईल का? तिनं मान हलवली. तिचा इथे राहायचा पास त्याच दिवशी संपत होता. जाताना तिनं माझ्या कागदावर आणखी एक-दोन प्रश्न-उत्तरं लिहून दिली आणि म्हणाली, "ती हे विचारेल. आई आहे."

विमानतळावर मी, संजीवनी आणि मनोहरराव गेलो. मनोहररावांना मी बोलावलं नव्हतं. पण अशा वेळी माणसानं न बोलावता यायचं असतं, असं ते म्हणाले, आणि ते खरं असल्यामुळे मी त्यांना टॅक्सीत जागा करून दिली. टॅक्सीतच त्यांनी योजना आखली. "विमानतळावर चकार शब्द काढायचा नाही. आधी घरी न्यायचं, हातपाय धुऊ द्यायचे, चार घास पोटात जाऊ द्यायचे. एकदा कळलं की ती अन्नाला शिवणार नाही." संजीवनीनं सकाळीच वरणभात करून ठेवला होता, फोडणी न घालता. आपल्याकडे दुखवट्याच्या घरी माणसाला बातमीच्या आधी जेवायला घालतात. मी पुन्हा मान डोलावली. एकदा खड्ड्यात पडलेला माणूस पुन्हा त्याच खड्ड्याची वाट विचारतो, तसं माझं झालं होतं.

हुदाकोवाबाई बाहेर आल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, त्या उकाड्यात तपकिरी लोकरी कोट घातलेल्या. एका हातात बॅग, आणि दुसऱ्या काखेत भलीमोठी पिसांची उशी, पांढऱ्या अभ्र्यातली. हॉस्पिटलातल्या उश्या चांगल्या नसतात, हे जगातल्या सगळ्या आयांना ठाऊक असतं. मी नाव लिहिलेली पाटी धरली होती. त्या सरळ माझ्याकडे आल्या, बॅग खाली टाकली आणि माझा हात धरला.

"न्येमोत्स्न्यित्सा?"

हॉस्पिटल. मी मान डोलावली. काय करणार होतो? शेजारी संजीवनी तोंड फिरवून डोळे पुसत होती, आणि मनोहरराव 'वेलकम, वेलकम' म्हणत त्यांची बॅग उचलत होते. एखाद्या माणसाला आपली लाज वाटावी असं ते दृश्य होतं, आणि मला वाटत होती. टॅक्सीत त्या खिडकीतून प्रत्येक मोठी इमारत बघत होत्या आणि ती मागे गेली की माझ्याकडे बघत होत्या. टॅक्सी काँडोत शिरली तेव्हा त्यांनी दारावरची पाटी वाचली. ते हॉस्पिटल नव्हे, हे वाचायला भाषा लागत नाही.

घरात त्यांना सोफ्यावर बसवलं. संजीवनीनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. ताट आणलं. ताटाकडे त्यांनी बघितलंही नाही. उशी मांडीवर, दोन्ही हात उशीवर. मनोहरराव हातवारे करून घास कसा घ्यायचा ते दाखवू लागले. "ईट, ईट. व्हेरी लाइट. फॉर हेल्थ." त्या एकदा त्यांच्याकडे, एकदा संजीवनीच्या लाल डोळ्यांकडे, एकदा माझ्याकडे, असं बघत गेल्या. खोलीत कुणीही कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. एवढे कपडे करून, एवढं गरम जेवण वाढून आजारी माणसाच्या आईची वाट कुणी बघत नाही. मला दिसत होतं की त्यांना कळत चाललंय, आणि तरी त्या स्वतःहून ते उचलायला तयार नाहीत. ते कुणीतरी त्यांच्या हातात ठेवावं लागणार होतं.

"पोवेद्स्ते," त्या म्हणाल्या. सांगा.

"जेवण होऊ दे, ओगले," मनोहरराव मराठीत कुजबुजले.

मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते माहीत नाही. शाळेत कविता म्हणताना राहतात तसा. आणि म्हटलं, "वाश सिन झोम्रेल."

 त्या म्हणाल्या, "केदी?" हा शब्द झुझानानं कागदावर लिहून दिला होता. कधी. मी भिंतीकडे गेलो. तिथे पुण्याहून आणलेलं आमचं मराठी कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यातले मोठे आकडे त्यांना वाचता येईनात. मी खालचे बारीक इंग्रजी आकडे दाखवले आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. त्या उठून जवळ आल्या. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं. मग ते बोट चौकोनाचौकोनातून पुढे सरकत मंगळवारी थांबलं, माझ्या फोनच्या दिवशी. तिथून मागे गेलं, त्या तारखेवर. पुन्हा पुढे आलं. पुन्हा मागे गेलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला शिव्या खायची सवय आहे. वीस वर्षं जहाजवाल्यांत काढली आहेत. त्या बाईंनी शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मी त्यांचे पाय धरले असते. पण त्यांनी नुसतं बघितलं. आम्ही त्यांना मनाची तयारी करायला वेळ दिला होता आणि त्यांनी तो आशेत घालवला. गावानं घालवला, पाद्रीबाबांनी घालवला. मला भयंकर शरम वाटली, आणि ती सांगायला माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं, कारण 'सॉरी' वकिलानं काढून टाकलं होतं.

मी म्हटलं, "सॉरी." इंग्रजीतच म्हटलं. तीनदा म्हटलं. वकिलाचं आणि कंपनीचं काय व्हायचं ते होवो.

त्या परत सोफ्यावर बसल्या. उशीवरून हात फिरवत म्हणाल्या, "चो पोवेदाल?"

काय म्हणाला? शेवटचं काय बोलला?

मी कॅप्टनचा रिपोर्ट पाठ केला होता. इंजिनरूममध्ये शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नाही, आणि शेजारी कुणी नव्हतंच. मनोहररावांना प्रश्न बरोबर कळला. अशा वेळी लोक काय विचारतात ते त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. ते खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "आईचं नाव घेतलं म्हणा. एवढं तरी म्हणा हो. तेवढाच आधार." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माणूस वाईट नाही.

आणि ते सोपं होतं. 'मामा' म्हटलं असतं तरी भागलं असतं, तो शब्द कुणाला विचारावा लागत नाही. मी त्या बाईंकडे बघितलं. ह्यांच्याशी मी आता आणखी एक गोड बोललो, तर ह्यांच्याजवळ मुलाचं म्हणून जे काही उरेल ते माझं असेल.

"न्यिच," मी म्हणालो. "न्येपोवेदाल न्यिच." काही नाही. काही बोलला नाही.

त्यांनी मान डोलावली. एकदा, दोनदा. मग उशीत तोंड घातलं आणि रडल्या. संजीवनी त्यांच्याजवळ सरकली, पाठीवर हात ठेवला. आम्ही पुरुष भिंतीशी उभे राहिलो, जसे अशा वेळी राहतात.

आणि मग त्या बोलायला लागल्या. आधी हुंदक्यातून, नंतर नीट, सावकाश. माझ्याशी, संजीवनीशी, कॅलेंडरशी. हातानं मधेच जमिनीपासून एवढं, असं काहीतरी दाखवत. मग त्याहून उंच. एकदा तर थोडंसं हसल्यासुद्धा. संजीवनीला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण ती बरोबर जागी 'हं' म्हणत होती, 'अगं बाई' म्हणत होती, आणि त्या तिच्याकडे वळून पुढे सांगत होत्या. ताटातला भात गार झाला. मनोहररावांनी घड्याळाकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न सुचवता खाली बसले.

तेवढ्यात फोन वाजला. मिस्टर टिओ होते.

"ओगले, टोल्ड ऑलरेडी ऑर नॉट?"

"टोल्ड."

"गुड. शी साइन?"

"नो. शी इज स्पीकिंग."

"स्पीकिंग व्हॉट?"

"आय डोंट नो, सर."

"यू डोंट नो? देन व्हाय यू लिसन?"

मी फोन खाली ठेवला आणि जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.